चार किलो सहाशे वीस

गेल्या मार्चमध्ये मेहुण्याच्या द्राक्षाच्या शेडवर गेलो तेव्हा गिटार गाडीतच होती. आदल्या रात्री पंचवटीत ऑर्केस्ट्रा होता, घरी पोचायला दीड वाजला आणि ती काढायची राहिली. शेडमध्ये पेट्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा मोकळा दिसला आणि बरेच दिवस मनात होतं ते उरकून टाकलं. काटा झीरो केला, गिटार आडवी ठेवली. ४ किलो ६२० ग्रॅम.

मेहुणा म्हणाला, "दाजी, पाच किलोची पेटी गळ्यात घालून तीन-तीन तास उभे राहता होय?"

होय. आणि डावा खांदा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोलत असतो. बायकोने बाम आणून देणंसुद्धा आता बंद केलंय.

गिटार कोरियात बनलेली, पण घाट लेस पॉलचा. अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली तेव्हापासूनचा तो ठरलेला मसाला: खाली महोगनीचा जाड ठोकळा, वरून मेपलची टोपी. दुकानात 'सॉलिड महोगनी' म्हटलं की गिऱ्हाईक मान डोलावतं आणि जड लागली की म्हणतं, महोगनी आहे ना, जड असणारच. हे मला पटत नाही. बरी वाळलेली महोगनी घनमीटरला साडेपाचशे-सहाशे किलोच्या घरात असते. आपला सागवान तिच्यापेक्षा जड, आणि कडक मेपल तर सातशेला टेकतं. खांदा मोडते ती जाडी आणि वरची टोपी.

मी नाशिकच्या अंबडला टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवतात तिथे असतो, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय चैन पडत नाही. कागदावर बॉडीचा आकार काढून चौकटी मोजल्या: साधारण १०५० चौरस सेंटीमीटर. म्हणजे जाडी एक मिलिमीटरने कमी केली की साठेक ग्रॅम गेले. पाच मिलिमीटर काढले तर पाव किलोच्या वर. गिब्सनला हे कळत नव्हतं असं थोडंच. १९६१ मध्ये त्यांनी लेस पॉलचा घाटच बदलून पातळ, दोन शिंगांची महोगनी बॉडी काढली, तीच पुढे एसजी झाली. ऐंशीच्या दशकात टोपीखालच्या महोगनीत भोकं पाडायला लागले, नंतर तर आत चक्क पोकळ्याच कोरल्या. वरून दिसते ती सॉलिडच.

मला भोकं नको होती आणि टोपीही. मला हवी होती १९५४ च्या लेस पॉल ज्युनियरसारखी सरळ फळी: एक लाकूड, एक पी-नाइंटी पिकअप (तारांची थरथर पकडून अँपकडे पाठवतो तो), एक ब्रिज (तारा टेकतात ती पट्टी). आकार मात्र १९५८ नंतरचा, दोन्ही बाजूंनी खाच असलेला.

फळी शोधताना पहिला दणका बसला. एका वखारीतून 'महोगनी' म्हणून जे आणलं ते रंधा मारल्याबरोबर घमघमलं. गोडसर, मसाल्याच्या डब्यासारखा वास. महोगनीला असा वास नसतो. तो निघाला तून. लाकूड वाईट नाही, महोगनीच्याच कुळातलं आहे (आपला कडुलिंबही त्याच कुळातला, पण म्हणून कोणी लिंबाला महोगनी म्हणून विकत नाही). परत करायला गेलो तर मालक म्हणाला, "साहेब, वास उडून जाईल." मी काय बोलणार?

दुसरीकडे खरी मिळाली. ५० बाय ३६, जाडी ५ सेंटीमीटर, विटकरी-गुलाबी, बारीक सुईने टोचल्यासारखी छिद्रं. "एकदम सुकी आहे" हे पालुपद तिथेही होतंच. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात वजन केलं: ५ किलो ५१०. घनमीटरला सहाशेच्या वर जातंय म्हटल्यावर शंका आली. टोकांना ऑईल पेंट थापला, माळ्यावर पट्ट्यांवर आडवी ठेवली आणि दर पंधरा दिवसांनी फळी काखोटीला मारून दुकानात जायला लागलो. दुकानदार आधी हसायचा, मग वहीत लिहून ठेवायला लागला. जूनच्या मध्यापर्यंत ४ किलो ८८०. म्हणजे मी महोगनीच्या भावाने सहाशे तीस ग्रॅम पाणी विकत घेतलं होतं. पाऊस लागला आणि ऑगस्टमध्ये वजन उलट पन्नास ग्रॅमने वाढलं. दुकानदाराला वाटलं त्याचाच काटा बिघडला. नोव्हेंबरमध्ये ४ किलो ८६० वर थांबलं, तेव्हाच करवत लावली.

राउटरचं, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राचं काम सांगत बसत नाही, धूळ फार उडते, मास्क लावा. जाडी ४२ मिलिमीटरवर आणली आणि तिथून पुढे प्रत्येक कामाचा भुसा वेगळ्या पिशवीत भरून तोलला. हा वेडेपणा आहे हे मला मान्य आहे. पोटाला लागतो तो मागचा उतार सव्वाशे ग्रॅमचा निघाला, पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) बसवायचा खड्डा शंभरचा, पिकअपचा जेमतेम पंचेचाळीस. एवढ्याशा उताराने सगळ्यात जास्त वजन काढलं आणि गिटार अंगाला चिकटून बसली ते वेगळंच.

नेक, म्हणजे गिटारची मान तयार मागवली, तारा चढवल्या. ३ किलो ३९०. सव्वा किलो कमी! पट्टा गळ्यात घातला, हात सोडले आणि गिटारने मान टाकली. नेक सरळ जमिनीकडे.

हे डोक्यात यायला हवं होतं. तराजूच आहे तो. पट्ट्याचं बटण ही दांडीची खुंटी, एका बाजूला बॉडी, दुसऱ्या बाजूला लांब नेक आणि टोकाला तारा पिळायचे ट्यूनर. बॉडीतलं वजन काढत सुटलो आणि समोरच्या पारड्याला हात लावला नाही. एसजीवाल्यांची तक्रार तीच असते. ट्यूनर खुंटीपासून पंचावन्न-साठ सेंटीमीटर लांब, तिथले सत्तर ग्रॅम म्हणजे बॉडीकडचे दोनशे तरी. हलके ट्यूनर बसवले, पट्टा आतून खरखरीत कातड्याचा घेतला. आता हात सोडला तरी ती जागची हलत नाही. वजन ३ किलो ३२०.

आवाजाचं विचाराल तर जड लाकडाने सूर लांबतो हे मी वीस वर्षं ऐकत आलोय, आणि दोन्ही गिटार एकाच अँपला लावल्यावर मला ते ऐकू आलं नाही. फरक आहे तो पिकअपचा.

परवा ती घेऊन पुन्हा शेडवर गेलो, काट्यावर ठेवून दाखवली. मेहुण्याने सात-आठ वर्षांपूर्वी बांधावर महोगनीची तीस रोपं लावलीत, लागवडीवाल्यांनी गळी उतरवली होती. म्हणाला, "दाजी, पुढची आमच्या झाडाची करा." टेप घेऊन गेलो. सगळ्यात जाड झाडाचा घेर बासष्ट सेंटीमीटर भरला, म्हणजे सालीसकट व्यास वीसही नाही, आणि आत अजून सगळं पांढरं लाकूड. बॉडीला तेहतीस सेंटीमीटर रुंदी लागते.

"मग?" त्याने विचारलं.

"पाणी घाल," म्हटलं.