एमगस२ अपडेट: हॅझार्ड सारखा, मग वक्र का फाकतात?

सुटलं एकदाचं! एमगस२ म्हणजे आर भाषेच्या सर्व्हायव्हल पॅकेजमधला डेटा: रक्तात असामान्य प्रथिन (एमगस) असलेले मेयो क्लिनिकचे १३८४ रुग्ण. ११५ जणांना प्लाझ्मा सेल मॅलिग्नन्सी (रक्तपेशींचा कर्करोग), ८६० त्याआधीच गेले, ४०९ सेन्सर्ड, म्हणजे नोंद संपेपर्यंत दोन्हींपैकी काहीच झालं नाही. कॉज-स्पेसिफिक कॉक्स मॉडेलला (ते फक्त आजाराचा हॅझार्ड, म्हणजे अजून आजार न झालेल्या जिवंत माणसाला तो होण्याचा वेग, तोलतं) मॅलिग्नन्सीत स्त्री-पुरुष फरक जवळपास दिसतच नव्हता, आणि आलेन-योहानसेनमध्ये (मृत्यू जमेस धरून, कधीपर्यंत किती जणांना आजार झाला ते काढण्याची पद्धत) मात्र बायकांचा वक्र वर. आकडेमोड तर पुन्हापुन्हा तपासलेली.

खऱ्या डेटात वय, एम-स्पाइक (त्या प्रथिनाचं प्रमाण) सगळं एकमेकांत गुंतलेलं. म्हणून तो बाजूला ठेवून दोन काल्पनिक गट घेतले. आजाराचा हॅझार्ड दोन्हीकडे वर्षाला ०.०१. मृत्यूचा एकीकडे (बायकांच्या जागी) ०.०५, दुसरीकडे (पुरुषांच्या जागी) ०.१०. हॅझार्ड स्थिर असल्यामुळे सिम्युलेशनही लागलं नाही, कागदावरच उत्तर आलं. ३० वर्षांची सीआयएफ (तोवर प्रत्यक्ष आजार झालेल्यांचं प्रमाण, आलेन-योहानसेनचा वक्र हाच) पहिल्या गटात १३.९ टक्के, दुसऱ्यात ८.८. मृत्यूंना सेन्सर करून १ वजा केएम (कॅप्लान-मायर) काढलं तर दोन्हीकडे २५.९! म्हणजे कोणी मरतच नाही अशा जगातला आकडा.

तर पुरुषांना आजार कमी गाठतो तो आजार सौम्य म्हणून नव्हे. आजार व्हायच्या आतच ते जास्त संख्येने जातात. लॉग-रँक टेस्ट आजाराचा वेग तोलते, तिला इथे फरक दिसू नये हेच बरोबर. ग्रे टेस्ट (१९८८) सबडिस्ट्रिब्युशन हॅझार्ड तोलते. त्यात इतर कारणाने मेलेला माणूसही जोखीम-संचात (अजून आजार होऊ शकतो असं धरलेल्यांच्या यादीत) बसून राहतो. ऐकायला विचित्र, पण सीआयएफशी नातं त्यामुळेच जुळतं. नुसती ग्रेची पी-व्हॅल्यू दाखवून ‘उपचाराने आजार रोखला’ म्हणणाऱ्यांकडे मृत्यूचाही वक्र मागावा, असं माझं ठाम मत झालंय.

हत्यारांबद्दल: टेस्टसाठी आरमधलं सीएमपीआरएस्के, खुद्द ग्रेंचंच पॅकेज. आलेख मात्र मी सर्व्हायव्हलमध्येच काढतो. इव्हेंटचा कॉलम फॅक्टर (गटवार प्रकार) करून पहिली लेव्हल सेन्सरची ठेवली की त्यातलं सर्व्हफिट फंक्शन आपोआप आलेन-योहानसेन देतं.

आता फाइन-ग्रे मॉडेल (१९९९, सबडिस्ट्रिब्युशन हॅझार्डचं रिग्रेशन) लावणार होतो. पण हे लिहिता लिहिता वाटलं, सबडिस्ट्रिब्युशन हॅझार्ड रेशोचा अर्थ घरच्यांना तरी सांगता येईल का? त्यापेक्षा सीआयएफखालचं क्षेत्रफळ बरं: २० वर्षांत कोणत्या कारणापायी सरासरी किती महिने गमावले. सर्व्हफिट प्रिंट करताना आरमीन २४० (महिने, म्हणजे २० वर्षं) दिलं की प्रत्येक स्टेटचा (अवस्थेचा) आकडा मिळतो. फाइन-ग्रे थांबेल, आधी हे, मृत्यूची स्टेटही धरून.