पावती न फाडलेला माणूस

वणीच्या बाजूच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी नऊ वर्षं फिटर होतो. जिनिंगचं नाव लिहीत नाही. दिवाळीला कापूस आला की होळीपर्यंत रेचे, म्हणजे सरकी काढायच्या मशिनी, रात्रंदिवस चालायचे. हंगाम संपला की बाकीची माणसं घरी जायची आणि आम्ही चौघं-पाच जण मागं उरायचो. रोलरचं चामडं बदला, सुऱ्या नीट करा, बेअरिंग काढून धुवा, अशी कामं दिवाळीपर्यंत पुरायची.

युनियनच्या सभासदकीची पावती मी कधी फाडली नाही. वर्षाचे शंभर रुपये, म्हणजे पैशाचा प्रश्न नव्हताच. मी मॅनेजरच्या मर्जीतला होतो आणि ती मर्जी जपत होतो. २०१६ मध्ये युनियननं पगारवाढ मिळवली, ती मलाही मिळाली. मालकानं माझं काम पाहून दिली असं मी दोन वर्षं समजत होतो. खरी गोष्ट अशी की तो समझोता कामगार अधिकाऱ्यासमोर झाला होता, आणि असा समझोता तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १८(३) प्रमाणे तिथल्या सगळ्या कामगारांना लागू व्हायचा, पावती असो वा नसो. मालक आणि युनियननं तो आपसात केला असता, तर सह्या करणाऱ्यांपुरताच राहिला असता.

जून २०१८ मध्ये मॅनेजर म्हणाला, "उद्यापासून येऊ नको." नवीन मशिनी येणार होत्या आणि त्यांची देखभाल विकणाऱ्या कंपनीचाच माणूस करणार होता. नोटीस नाही, हिशेब नाही.

पंधरा दिवस घरी काढले. शेवटी बायकोनंच तालुक्याला युनियनच्या सेक्रेटरीकडे धाडलं. कृषी केंद्राच्या वरची खोली, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट. तिथं आमच्याच जिनिंगमधले तिघं बसले होते. त्यातला एक तोंडावरच बोलला, "पावती कधी फाडली नाई, अन् आता याच्यासाठी कायले धावायचं?" मला उत्तर सुचलं नाही. होतंच काय सांगायला? सेक्रेटरीभाऊ त्याला म्हणाले, "आज याले बिनहिशेबाचं काढू देलं, तर उद्या तुले काढाले मालकाले कोणी शिकवा लागन काय?"

मग मला कायदा समजावला. कामावरून काढण्याचा वाद एकट्या कामगाराचा असला तरी कलम २ए प्रमाणे तो औद्योगिक विवाद धरतात. आणि जो कोणत्याच युनियनचा सभासद नाही, त्याच्या वतीनं कलम ३६ प्रमाणे त्याच उद्योगाशी जोडलेल्या युनियनचा पदाधिकारी किंवा तिथलाच दुसरा कामगार उभा राहू शकतो. त्यासाठी लेखी अधिकारपत्र लागतं. ते मी तिथंच लिहून दिलं. (ही कलमं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, म्हणून आज कलमांचे आकडे वेगळे.)

आधी मालकाला रजिस्ट्रीनं मागणीपत्र, कामावर परत घ्या म्हणून. उत्तर आलं नाही, तेव्हा जिल्ह्याला कामगार कार्यालयात अर्ज. 'संराधन', म्हणजे कामगार अधिकाऱ्यासमोर दोन्ही बाजूंची तडजोडीची बोलणी, हा शब्द मी तिथल्या नोटिशीवर पहिल्यांदा वाचला.

पहिल्या तारखेला मालकाकडून कोणीच आलं नाही. एसटीचं भाडं आणि एक रोजी वाया गेली. दुसऱ्या तारखेला मॅनेजर वकील घेऊन आला. भाऊंनी लगेच हरकत घेतली: संराधनात वकील चालत नाही. वकीलसाहेब बाहेर बाकड्यावर जाऊन बसले आणि मॅनेजरचा आवाज निम्म्यावर आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

मॅनेजरचं म्हणणं एकच, हा माणूस हंगामी. सगळी मेख त्यात होती. हंगामी धरलं तर ग्रॅच्युइटी दर हंगामाला सात दिवसांच्या पगाराची, बारमाही धरलं तर वर्षाला पंधरा दिवसांच्या. शिवाय मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले असतील, तर कामावरून कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई वेगळी. हजेरीपट कारखान्याच्या कपाटात, तो ते कशाला दाखवतील? मी गावातल्या ऑनलाइन सेंटरवर जाऊन पीएफचं पासबुक छापून आणलं. त्यात मे, जून, जुलै, ऑगस्ट, प्रत्येक महिन्याची कपात दर वर्षी दिसत होती. हंगामी माणसाची पावसाळ्यात कसली कपात? अधिकारीबाईंनी ते कागद उलटून पाहिले आणि मॅनेजरपुढे सरकवले.

तिसऱ्या तारखेला तडजोड झाली. कामावर घ्यायला मालक तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या गेटातून परत जायचं नव्हतं. भाऊ म्हणाले, लेबर कोर्टात जाता येईल, पण वर्षं जातील. माझा पगार १०,४०० रुपये. ग्रॅच्युइटी ५४,००० रुपये, भरपाई ४६,८००, नोटिशीचे १०,४००. मिळून १,११,२०० रुपये, दोन चेकनं. हंगामी हिशेबानं हातात २५,२०० आले असते.

दुसरा चेक वटला त्या दिवशी मी कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत गेलो आणि शंभराची नोट टेबलावर ठेवली. म्हटलं, भाऊ, पावती फाडा.

"तू आता जिनिंगमधी हाय कुठं?" म्हणत त्यांनी कपाटातून देणगीचं पुस्तक काढलं. मागच्या खुर्चीवर तोच बसला होता, पहिल्या दिवशी बोललेला. पुस्तकाकडे पाहत म्हणाला, "नऊ वर्षांचे नऊशे होतेत."

मी नऊशे दिले.