पाठांतर

संस्कृतात ‘पाठान्तर’ म्हणजे मूळ पाठाहून वेगळा असा दुसरा पाठ. मराठीत मात्र त्याच शब्दाचा रुळलेला अर्थ तोंडपाठ करणे हा आहे. जपणूक आणि बदल हे दोन्ही एकत्र नांदताना मी प्रथम पाहिले ते आजीच्या ज्ञानेश्वरीत. बारावा अध्याय तिला मुखोद्गत होता, पण त्यातल्या दोन ओव्या ती उलट क्रमाने म्हणत असे. शाळकरी वयात मी पोथी पुढे धरून तिला ते दाखवले, तेव्हा तिने पोथीला नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्याच क्रमाने म्हटले, कारण तिच्या आईने तिला तसेच शिकवले होते.

वेदपाठकांनी घनपाठात शब्द ‘एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन’ असे पुढेमागे गुंफून स्मरणाला जणू कुलूप घातले. ओवीला असे कुलूप नाही. तिची अक्षरसंख्या सैल असते, त्यामुळे एखादा जुना शब्द कळेनासा झाला की त्याच्या जागी ओळखीचा शब्द सहज बसतो आणि कानाला काही खटकतही नाही. शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ग्रंथाची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, तेव्हा या दोन सालांमध्ये २९४ वर्षांचे असे प्रेमळ बदल साचले होते. ग्रंथ मुळात अतिशुद्धच आहे, ‘परी पाठांतरीं शुद्धाबद्ध’, म्हणजे पाठांतरात मात्र काही शुद्ध तर काही अशुद्ध झाला, असे नाथांनी लिहिले आहे. दोष त्यांनी ग्रंथाला दिला नाही आणि भाविकांच्या भक्तीलाही दिला नाही. स्वतः समर्थ कवी असूनही, यात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवील, असे त्यांनी बजावले; हा संयम मला त्यांच्या कवित्वाइतकाच मोठा वाटतो.

तरीही शोध तिथे थांबला नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये एक वेगळी प्रत प्रसिद्ध केली आणि ती एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादले. त्यावर अभ्यासकांत दीर्घ वाद झाला. ज्ञानदेवांच्या हयातीतली प्रत आज कोणाच्याही हाती नाही, आणि प्रत्येक संशोधक ज्या निर्दोष पाठाकडे जाऊ पाहतो, तो त्याला उरलेल्या प्रतींवरूनच ताडावा लागतो.

आजीची पोथी आता माझ्याकडे आहे. बाराव्या अध्यायातल्या त्या दोन ओव्यांच्या समासात मी पेन्सिलीने तिचा क्रम लिहून ठेवला आहे. छापील क्रम बरोबर आहे हे मला ठाऊक आहे. मोठ्याने म्हणताना मात्र मी तिचाच क्रम म्हणतो.