घोड्याचं पदक

सातारा जिल्ह्यात माझी सराफीची छोटी पेढी आहे. मोडीला जोडवी, वाळे, तोडे रोजच येतात. त्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींनी फडक्याची गाठ सोडून चार पदकं गादीवर ठेवली. नातवाच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते.

"आमच्या आज्ज्याची हाईत. दोन्ही लढाया केल्या त्यानं. चांदी निगंल तेवढी मोड."

1939-45 चं युद्धपदक चांदीसारखं दिसतं, पण ते तांबं-निकेलचं. हिंदुस्थानच्या नकाशाचं दुसरं, देशातच तीन वर्षं नोकरी केलेल्यांचं, तेही तसलंच. चाळिशी उलटल्यावर आजोबा पुन्हा भरती झाले आणि देवळालीच्या छावणीत पहाऱ्यावर होते म्हणे. तिसरं पहिल्या महायुद्धाचं, पंखवाल्या देवीचं, कांस्याचं. चौथंही त्याच युद्धाचं; हातात घेतल्याबरोबर कळलं, ही चांदी. काट्यावर पावणेतीन तोळ्यांच्या आसपास भरलं. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसरीकडे घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, टापांखाली ढाल, शेजारी कवटी. भिंग लावून कड फिरवली. नंबर, नाव, आणि पुढे पलटण: 117 मराठा.

मी भिंग खाली ठेवलं. अशी पदकं मोडीला येतात आणि मला ती नुसती चांदी म्हणून बघवत नाहीत, म्हणून या पलटणींबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

"मावशी, आजोबा बसऱ्याकडं होते का?"

"व्हय, बसऱ्यालाच. तुर्कांनी धरल्याला. रेल्वेच्या कामाला जुंपलं व्हतं."

म्हणजे कुत, इराकमधलं गाव. तिथं इंग्रजांच्या फौजेला तुर्कांचा डिसेंबर 1915 पासून 147 दिवस वेढा. धान्य संपत आलं तेव्हा तोफखान्याचे, रिसाल्याचे घोडे आणि खेचरं कापली. आपल्या शिपायांनी धर्म बुडेल म्हणून महिनोन् महिने त्या मांसाला हात लावला नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा गेल्या, तरी नाही. एप्रिलमध्ये माणसं उभी राहीनात, तेव्हा बहुतेकांनी खाल्लं. 29 एप्रिल 1916 ला शरणागती, आणि तशा अंगानं वाळवंटातून पायपीट. त्यातले कितीतरी वाटेतच पडले.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. घोड्याचं सांगावं की नाही, याचा क्षणभर विचार केला; पण सांगितलं.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गावात नवरदेवाचा घोडा आला की आज्जा माजघरात जाऊन दार लावून घ्यायचा. माझ्या लग्नातबी भाईर आला न्हाई. आय म्हणायची, म्हातारा इक्षिप्त हाय."

पदक त्यांनी उचललं. घोड्यावरून अंगठा फिरवला.

"आन मग ह्येच का जपलं आसंल त्यानं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी चारही पदकं परत फडक्यात बांधली आणि पिशवीच्या तळातून स्वतःचे तोडे काढून काट्यावर ठेवले.