पन्हाळा ‘पॉईंट’ करून होत नाही

नाक्यावर वाहनकराची पावती फाडेपर्यंत कुणीतरी खिडकीशी येतं, “दोन तासांत सगळे पॉईंट दाखवतो.” ऐकू नका. त्या फेरीत इमारती बाहेरून दिसतात, आणि पन्हाळ्याची खरी गंमत आत आहे. गाडी घ्यायचीच असेल तर ‘अंधारबावमध्ये (पायऱ्यांच्या विहिरीत) उतरणार, धान्याच्या कोठ्यांत शिरणार’ असं आधी सांगून थांब्यासकट भाडं ठरवा. नाहीतर शेवटी वेटिंगचे पैसे निघतात आणि मग वाद घालून उपयोग नसतो. पाय धड असतील तर गाडीची गरजच नाही.

चालण्याचा क्रम पूर्वेकडून पश्चिमेकडे ठेवा. चार दरवाजा शोधण्यात वेळ घालवू नका; 1844 च्या गडकऱ्यांच्या (गडावरच्या शिबंदीच्या) बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला. सज्जा कोठी सकाळीच उरकावी, उन्हाच्या आत. तिथून ज्योतिबाचा डोंगर दिसतो, फोटो होतात, बास.

अंबरखान्याला तासभर द्या. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या; गंगा सगळ्यांत मोठी, 25,000 खंडी धान्य मावायचं म्हणतात. आत गेल्यावर आधी मान वर करा. सोळा खण, प्रत्येकाला चपटा घुमट आणि घुमटात भोक. बाहेरच्या जिन्यानं धान्य वर न्यायचं आणि तिथून ओतायचं. छतावर जाता आलं तर नजर दरीकडे नको, पायाखाली ठेवा, कारण तीच भोकं तिथे आहेत.

दुपार कलल्यावर तीन दरवाजा. तोंड पश्चिमेला असल्यानं तिरपं ऊन नक्षीवर येतं. सकाळी तेच काम सपाट दिसतं. आतल्या दारावरचा गणपती मराठ्यांच्या काळातला. बरेच जण मान खाली घालून पुढे जातात आणि तो चुकवतात.

आता अंधारबाव. तीन मजली वास्तू: तळाला पाणी, मधल्या मजल्यातून तटाबाहेर पडायची चोरवाट, वर पहारा. वेढ्यात शत्रूला पाण्यात विष घालता येऊ नये आणि निसटायलाही वाट असावी, दोन्ही कामं एकाच बांधकामात. हुशारी आहे, पण उतार वाईट. पायऱ्या उंच, मधोमध झिजलेल्या, ओल धरलेल्या. उजेडातून आत शिरताच डोळ्यांना काही दिसत नाही आणि लोक पहिल्या दहा पायऱ्यांतच घसरतात. तोंडाशी दोन मिनिटं थांबा, डोळे सरावू द्या. भिंतीच्या कडेनं, पाऊल आडवं टाकत उतरा. मोबाईलचा टॉर्च नको, एक हात त्यातच अडकतो. कपाळावर बांधायची बॅटरी न्या. कोल्हापुरी चप्पल घालून तर अजिबात नको, ओल्या दगडावर चामडं धरत नाही. वर येणाऱ्याला आधी येऊ द्या, रविवारी तर गर्दीच असते. जुलै 2025 मध्ये गड जागतिक वारसा यादीत गेला, पण त्यानं या पायऱ्या कोरड्या झाल्या नाहीत. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात लहान पोरांना घेऊन इथं उतरणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा.

नंतर जीव असेल तर पुसाटी बुरूज. शेजारचा पावनगड किल्ला त्याच दिवसात कोंबू नका. पिठलं-भाकरी खायची तर दर विचारून बसा, आणि परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ सकाळी उतरतानाच स्टँडवर विचारून ठेवा.