बर्डीचा परिच्छेद

एका राजकीय पक्षाच्या नागपूर शहर कार्यालयात मी अकरा वर्षांपासून कार्यालयीन सचिव आहे. बैठकांची निमंत्रणे पाठवणे, इतिवृत्त लिहिणे आणि निरनिराळ्या आघाड्यांच्या, म्हणजे व्यापारी, कामगार, विधी अशा पक्षांतर्गत शाखांच्या, याद्या अद्ययावत ठेवणे हे माझे काम. महापालिका निवडणुकीच्या जाहीरनाम्याचा मसुदा ज्या दिवशी चर्चेला आला, त्या दिवसाबद्दल मी इतिवृत्तात चार ओळी लिहिल्या आहेत. त्या अपुऱ्या आहेत.

मसुद्यात आमच्या बर्डीबद्दल, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारपेठेबद्दल, एक वाक्य होते : 'सीताबर्डीचा मुख्य रस्ता फेरीवालामुक्त करू.' ते व्यापारी आघाडीच्या निवेदनातून जसेच्या तसे उतरले होते. निवेदनातील तक्रारी खोट्या नव्हत्या. मालमत्ता कर भरणाऱ्या दुकानदाराला सणासुदीच्या दिवसांत स्वतःच्या दुकानाची पायरी दिसत नाही आणि आग लागली तर अग्निशमन दलाची गाडी आत कशी येणार, याचे उत्तर कोणाकडेही नसते.

बैठक सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात असंघटित कामगार आघाडीच्या उपाध्यक्ष दारात येऊन उभ्या राहिल्या. बर्डीवर त्या रुमाल आणि मोजे विकतात. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. त्यांना निमंत्रण नव्हते. यादी मीच केली होती आणि त्यांच्या आघाडीचे नाव मी 'सभा व रॅली' या रकान्यात लिहिले होते, 'मसुदा' या रकान्यात नाही. वर्षानुवर्षे ते तसेच लिहिले जात होते, त्यामुळे माझा हात कधी थांबला नाही.

मावशींनी पिशवीतून रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. महापालिकेने वेळोवेळी वसूल केलेल्या शुल्काच्या त्या पावत्या होत्या. खालच्या पावत्यांची शाई उडून कागद पिवळा पडला होता. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "गर्दी पाह्यजे तवा आमची आठवण येते भाऊ, कागद लिहाचा असला का नाही येत."

आघाड्यांबद्दल मला जे वाटते ते इथेच सांगतो. आमच्याकडे आघाडीचा अध्यक्ष सभासदांनी निवडलेला नसतो, शहराध्यक्ष त्याची नेमणूक करतात. त्यामुळे तो ज्यांच्यासाठी बोलायचा त्यांच्याकडे पाठ करून, ज्यांनी नेमले त्यांच्याकडे पाहत राहतो आणि आघाडी वरचा निरोप खाली पोहोचवणारी यंत्रणा होऊन बसते. याच नागपुरात जुलै 1942 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या अनुसूचित जातींच्या राजकीय संघटनेची स्थापना झाली, तेव्हा मुख्य परिषदेबरोबर महिलांची स्वतंत्र परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. त्या स्त्रियांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाविरुद्ध ठराव केला, कामगार स्त्रियांच्या रजेचा प्रश्न मांडला. त्या केवळ मुख्य मंडपातील खुर्च्या भरायला आलेल्या नव्हत्या.

बैठकीत आवाज चढले. व्यापारी आघाडीचे अध्यक्ष, आम्ही त्यांना शेठजी म्हणतो, वयाने ज्येष्ठ आणि पक्षाचे जुने देणगीदार. ते उठून जायला निघाले. तेव्हा विधी आघाडीतील एका तरुण वकील ताईंनी पथविक्रेत्यांविषयीचा 2014 चा कायदा उघडून शांतपणे वाचून दाखवला : सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात आणि त्यांतील किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे आम्ही जे वचन छापायला निघालो होतो, ते कायद्यानेच पाळता आले नसते. पक्षात तीन आघाड्या होत्या आणि तिघींकडे सत्याचा एकेक तुकडा होता. त्यांना एका टेबलाशी बसवण्याची जबाबदारी ज्या कार्यालयाची, ते माझे होते.

शहराध्यक्षांनी बैठक थांबवली आणि शेठजी, मावशी, वकील ताई आणि मी अशा आम्हा चौघांना बर्डीवर पाठवले. संध्याकाळी सहाच्या गर्दीत आम्ही व्हेरायटी चौकातून आत शिरलो. एका कापड दुकानासमोर शेठजी थांबले आणि त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले, "एवढी जागा मला दारासमोर मोकळी हवी, बाकी माझे भांडण नाही." मावशींनी ओढणीच्या टोकाने ती जागा मापली आणि शेजारच्या गाडीवाल्याला चार पावले सरकायला सांगितले. तो सरकला.

रात्री साडेनऊला मी परिच्छेद नव्याने टंकलिखित केला. त्यात तीन वाक्ये होती : दुकानांच्या दारासमोर व अग्निशमन गाडीसाठी मोकळा मार्ग, सर्वेक्षणानंतर ठरलेल्या जागा, आणि पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी. खाली व्यापारी आणि कामगार अशा दोन्ही आघाड्यांच्या सह्या झाल्या.

छापील जाहीरनामा आला तेव्हा तिसरे वाक्य त्यात नव्हते. ते वरच्या समितीत गळाले होते. मी मावशींच्या गाडीपाशी गेलो आणि राहिलेली दोन वाक्ये त्यांना वाचून दाखवली. त्यांनी एवढेच विचारले, "तिसरं कोनं काहाडलं?" मी समितीचे नाव आणि पुढच्या बैठकीची तारीख त्यांना कागदावर लिहून दिली, आणि कार्यालयात परत येऊन 'मसुदा' या रकान्यात त्यांच्या आघाडीचे नाव लिहिले.