स्मिता पाटील बघायची तर 'मिर्च मसाला'पासून सुरुवात नको

स्मिता पाटीलचे सिनेमे कुठून बघायला घ्यावेत, असं कुणी विचारलं की दहातले आठ जण 'मिर्च मसाला' सांगतात. सिनेमा झकास आहे, वाद नाही. पण सुरुवातीला तो बघितला की पुढचं सगळं बिघडतं. नदीवर पाणी भरणाऱ्या बाया सुभेदाराचे घोडे आल्यावर पळतात, एकटी सोनबाई (स्मिता) जागेवर उभी राहते. पहिल्याच प्रसंगात ती बाई पूर्ण घडलेली आहे. मग आपण इतर सिनेमांतही तोच अंगार शोधत बसतो, तो दिसला नाही की 'हिच्यात एवढं काय?' असं वाटतं.

माझ्या मते स्मिताचा अभिनय आधी अंगात असतो आणि मग चेहऱ्यावर येतो. बसणं, ओझं उचलणं, पदर खोचणं, चालणं. डोळ्यांबद्दल इतकं लिहून झालंय की लोक फक्त डोळेच बघतात. गंमत म्हणजे तिची सुरुवात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचण्यापासून झाली. तिथे चौकटीत खांद्यापासून वरचाच भाग दिसायचा. अभिनयाचं रीतसर शिक्षण तिनं घेतलेलं नव्हतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकरांच्या पदविका-चित्रपटात तिनं काम केलं खरं, पण ती तिथली विद्यार्थिनी नव्हती. तिथून श्याम बेनेगलांकडे 'चरणदास चोर' आणि 'निशांत', दोन्ही १९७५चे. हे दोन नंतर बघितले तरी चालतील.

पहिला घ्यावा 'मंथन' (१९७६). गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घातले आणि सिनेमा उभा राहिला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. २०२४ साली फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो दुरुस्त करून 'कान' चित्रपट महोत्सवात दाखवला, त्यामुळे आता चांगल्या प्रतीत तो बघायला मिळू शकतो. जुनी, धुरकट प्रत बघू नका. त्यात रंग इतके मेलेले असतात की माणसं आणि माती एकाच रंगाची दिसतात. स्मिताची बिंदू नायिका म्हणावी इतका वेळ पडद्यावर नसते. शहरातून आलेल्या डॉक्टर रावशी (गिरीश कर्नाड) ती बोलते तेव्हा निम्मं लक्ष हातातल्या कामाकडे असतं. काम थांबवून संवाद म्हणायचे ही हिंदी सिनेमाची जुनी खोड तिच्यात नाही. पुढे त्याच डॉक्टरविरुद्धच्या खोट्या तक्रारीवर बिंदूचा अंगठा घेतला जातो. तिथे तिला मोठं भाषण दिलेलं नाही आणि त्याची गरजही पडत नाही.

त्यानंतर 'जैत रे जैत' (१९७७). गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ही गाणी आपण इतकी ऐकलीत की सिनेमा बघतानाही कान पुढे आणि डोळे मागे राहतात. एकदा आवाज बंद करून 'मी रात टाकली' बघा. स्मिताची चिंधी ही ठाकर या आदिवासी जमातीतली पोर आहे. डोंगरउतारावर पाय कसा पडतो, कमरेतून कशी वळते, ते बघा. पुण्यात वाढलेल्या, आमदार-मंत्री राहिलेल्या शिवाजीराव पाटलांच्या घरातल्या मुलीचं ते चालणं आहे, यावर सहज विश्वास बसत नाही. समोर नाग्याच्या भूमिकेत मोहन आगाशे. हीच दोघं पुढे सत्यजित रायांच्या 'सद्गती'त (१९८१) पुन्हा दिसतात: आगाशे पंडित, स्मिता दुखीची बायको झुरिया आणि दुखी म्हणजे ओम पुरी. 'सद्गती' तासाभराचाही नाही, लागोपाठ बघता येतो.

आता 'भूमिका' (१९७७). यासाठी मोकळी संध्याकाळ ठेवा. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला हा सिनेमा. पुस्तक आधी वाचलं असेल तर तुलना करायचा मोह होतो. पण पटकथेनं (बेनेगल, कर्नाड आणि सत्यदेव दुबे) घटना मोकळेपणानं फिरवल्यात, तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलेलंच बरं. आणखी एक गोष्ट लोकांना हमखास गोंधळात टाकते. सिनेमा मध्येच कृष्णधवल होतो, मध्येच रंगीत. प्रत खराब नाही, काळाच्या टप्प्यांप्रमाणे ते मुद्दाम केलंय. गोविंद निहलानींचा कॅमेरा आहे.

यात स्मिताला दुहेरी अभिनय करायचा होता. तिची उषा ही जुन्या बोलपटांतली नटी. तेव्हा सिनेमातल्या सिनेमात ती त्या काळच्या पद्धतीनं अभिनय करते, मान वेळावून, हातवारे करून, आवाज चढा लावून. मग 'कट' होतो आणि तोच देह सैल पडतो. तो सांधा बघा, सिनेमाचा जीव तिथे आहे. केशव (अमोल पालेकर), राजन (अनंत नाग), सुनील वर्मा (नसीरुद्दीन शाह), विनायक काळे (अमरीश पुरी) हे चौघे पुरुष आणि प्रत्येकासमोर उषाचं उभं राहणं निराळं. काळेच्या वाड्यात तर ती सुरुवातीला खरोखर सुखावलेली दिसते, आणि म्हणूनच पुढची कोंडी अंगावर येते. चित्रीकरणाच्या वेळी स्मिता विशीच्या सुरुवातीला होती. पहिला राष्ट्रीय पुरस्कार याच कामासाठी.

दुसरा 'चक्र'साठी. इथे याद्यांमध्ये वर्षाचा घोळ दिसतो: पुरस्कार १९८०च्या चित्रपटांचा, सिनेमा लागला १९८१ला. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, मुंबईच्या झोपडपट्टीतला हा सिनेमा. तिच्या आंघोळीच्या दृश्याचं पोस्टर तेव्हा गाजलं आणि अजूनही लोक सिनेमापेक्षा पोस्टरबद्दलच जास्त बोलतात. तिचं अम्माचं काम मात्र कणखर आहे.

'उंबरठा' (१९८२) बघताना एक काळजी घ्या. तो मराठीत आणि हिंदीत ('सुबह') असा दोन्हीकडे केला गेला. मराठी समजत असेल तर मराठीच बघा. विजय तेंडुलकरांचे संवाद मराठीच्या कानानं लिहिलेत, घरातल्या घरात बोलणारी, थोडी तुटक, सुशिक्षित मराठी. शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीतली ही सुलभा महिला सुधारगृहाची अधीक्षक होते. आतापर्यंत अंगमेहनतीच्या बाया बघितल्यावर इथे टेबलामागे बसलेली स्मिता दिसते. कामाचं ओझं तेच, फक्त ते आता फायलींचं आणि बैठकांचं आहे. 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या'मुळे लोक याला हळवा सिनेमा समजतात. तो मुळीच हळवा नाही. सुलभा चुकतेही, मुलीपासून तुटते, आणि सिनेमा तिला माफी मागायला लावत नाही.

याच १९८२ सालात 'बाजार', 'अर्थ', 'नमक हलाल' आणि 'शक्ति' आले. एका नटीच्या नावावर एका वर्षात हे पाच! 'नमक हलाल'मधल्या 'आज रपट जाएँ' गाण्यात ती अवघडलेली वाटते, असं माझं मत. 'अर्थ' हा शबाना आझमीचा सिनेमा आहे हे मान्य करूनच बघावा. पण दुसऱ्या बाईची भूमिका खलनायिका न करता, भेदरलेली, स्वतःवरच विश्वास नसलेली करणं सोपं नव्हतं.

मराठी-हिंदीच्या बाहेरचं कामही टाळू नका. केतन मेहतांचा गुजराती 'भवनी भवाई' (१९८०), मृणाल सेनांचा बंगाली 'अकालेर संधाने' (१९८०), ज्यात ती दुष्काळावरच्या सिनेमासाठी खेड्यात आलेली नटी आहे, स्मिता नावाचीच. आणि जी. अरविंदन यांचा मल्याळम 'चिदंबरम' (१९८५). शेवटचा संथ आहे, थकलेल्या रात्री लावला तर झोप लागेल.

इतकं झाल्यावर 'मिर्च मसाला' लावा. आता नदीवरची सोनबाई बघताना बिंदू आणि चिंधी दोघी तिच्यात दिसतील.

अजून एक. स्मिता १३ डिसेंबर १९८६ला गेली, ३१ वर्षांची होती. पण चित्रपटयादी १९८९पर्यंत चालते, कारण बरेच सिनेमे मागाहून लागले. 'मिर्च मसाला'ही १९८७चा. म्हणून प्रदर्शनाच्या वर्षावरून तिच्या वाटचालीचा अंदाज बांधू नका. 'वारिस' (१९८८) बघणार असाल तर त्यातला आवाज तिचा नाही, रेखाचा आहे.